दोन डॉक्टर आणि एक अळणी नवस

माझ्या नाकावर राग असतो असं शाळेतल्या मुली म्हणायच्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. तंजावरच्या एका मुलींच्या शाळेत मी आयुष्यभर गणित शिकवलं. हातचा विसरलेली मुलगी दिसली की माझा आवाज तीन वर्ग ओलांडून हेडमास्तरीणबाईंच्या खोलीपर्यंत जायचा. आता निवृत्त होऊन बसले आहे, तब्येत ठणठणीत आहे, आणि रागावायला घरात एक नवरा तेवढा उरला आहे. त्यांना आताशा कमी ऐकू येतं, त्यामुळे निम्मा राग वाया जातो.

आम्ही घरात जी मराठी बोलतो ती जशीच्या तशी कागदावर उतरवली तर पुण्याची माझी सून पोट धरून हसते. तमिळच्या चालीवर चाललेली जुनी मराठी ती. देवनागरी तर मी चाळिशीनंतर शिकले. तेव्हा या लिखाणावर सुनेनं हात फिरवला आहे, हे आधीच सांगून टाकते. राग मात्र सगळा माझाच आहे, त्याला तिनं हात लावलेला नाही.

गल्लीत पहिल्यांदा केबल आली, कोपऱ्यावर एसटीडीचा बूथ उघडला आणि खडेमीठ सोडून लोक पाकिटातलं बारीक मीठ घ्यायला लागले, त्या वर्षांतली ही गोष्ट. मी अडतीस वर्षांची होते. मला एक आजार होता आणि त्याचं नाव घरात दोघांनाच माहीत होतं, मला आणि नवऱ्याला.

आजार मनाचा. तोवर दोनदा येऊन गेला होता. येताना तो फार गोड यायचा. पहिल्या खेपेला तीन आठवडे मी अशा काही आनंदात होते की विचारू नका. झोप नको, जेवण नको. पापनाशमपर्यंतच्या सगळ्या खेड्यांतल्या मुलींना मी एकटी गणित शिकवणार होते. त्याचं वेळापत्रक मी कोळशानं स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून काढलं होतं. कुणी अडवलं की अंगावर धावून जायचे. मग एका सकाळी सगळं उतरलं आणि मी जी खाली बसले ती चार महिने उठले नाही. वेणी घालायचीसुद्धा ताकद नव्हती. शाळेत कावीळ झाल्याचं कळवलं. दुसऱ्या खेपेला परत कावीळ. तिसऱ्यांदा कावीळ म्हटलं असतं तर हेडमास्तरीणबाईंनी मला घरीच बसवलं असतं, आणि वर्ग गेला असता तर माझ्यात राहिलं काय असतं?

दुसऱ्या खेपेनंतर नवऱ्यानं कुठून तरी शोध काढून मला त्रिचीला एका मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तंजावरात डॉक्टर नव्हते असं नाही. पण आमची मराठी घरं मोजकी, सगळी एकमेकांच्या नात्यातली. इथल्या इस्पितळाच्या त्या विभागाबाहेर बाकावर बसले असते तर मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली असती. बाई माझ्याहून लहानच होत्या, तमिळ, बोलायला मऊ आणि कामाला कडक. त्यांनी लिथियम नावाची गोळी सुरू केली, वेळोवेळी रक्त तपासायला लावलं आणि दोन महिन्यांत मला माझी मी परत दिली. उगाच मोठं करून सांगत नाही. सकाळी उठून डोकं जागेवर असणं म्हणजे काय सुख असतं, ते ज्याचं डोकं कधी जागा सोडून गेलं आहे त्यालाच कळतं. मी शाळेत जात होते, ओरडत होते, रात्री गाढ झोपत होते. त्या गोळीवर माझा सगळा वर्ग उभा होता.

त्रिचीला जायला कारण लागायचं. नवरा म्हणाले, "सांगू की डोंगरावरच्या गणपतीला जातो." झालं! दर महिन्याला आम्ही सकाळच्या बसनं गणपतीला. डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावायचा, रक्त द्यायचं, मग पुराव्यादाखल खरोखरच पायऱ्या चढून दर्शन घ्यायचं आणि प्रसाद घेऊन परत यायचं. दोन वर्षं असं चाललं. गल्लीत आम्ही फार देवभोळे म्हणून नावाजलो. माझ्या नवऱ्याला दहावीनंतर कुणी देवाला हात जोडताना पाहिलं नव्हतं, ते आता कपाळाला गंध लावून बसमधून उतरायचे.

याचा परिणाम काय व्हावा? माझ्या सासूबाईंनी सगळं मनावर घेतलं. माझ्या आजाराच्या त्या दोन्ही खेपा त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या, नाव तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. सून देवदेव करून बरी झाली, हे त्यांना दिसतच होतं. एक दिवस त्या म्हणाल्या, "मीही एक बोलले होते गं तुझ्यासाठी. तेवढं तूच फेडायचंस."

कुंभकोणमच्या जवळ एक देऊळ आहे, तिथल्या देवाला नैवेद्य अळणी लागतो. मिठाचा कणसुद्धा त्या देवळात नेत नाहीत. सासूबाईंनी नवस बोलून ठेवला होता की सून बरी झाली तर ती एक मंडल, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस, मीठ सोडेल.

मी नाही म्हणू शकले असते. पण मला खरंच बरं वाटत होतं हो, आणि बरं वाटलं की कुणाला तरी हात जोडावेसे वाटतात. शिवाय ज्या बाईनं माझी वेणी चार महिने घातली तिला मी काय नाही म्हणणार? मी म्हटलं, "सोडते." देवळात जाऊन आले आणि दुसऱ्या दिवसापासून माझा सांबार वेगळा, रसम वेगळं. लोणचं बंद, अप्पळाम म्हणजे पापडही बंद. दहीभात अळणी खाऊन पाहा एकदा, म्हणजे देव आपल्याकडून काय काय करून घेतो ते समजेल.

त्रिचीच्या बाईंना हे सांगावं असं मला सुचलंच नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की मला विचारल्याशिवाय जेवणात बदल करायचा नाही. मी समजले की बारीक होण्यासाठी उपास करू नका म्हणतात. व्रताला कोण बदल म्हणतं? आणि डॉक्टरला देवाचं कोण सांगतं?

आता दुसऱ्या डॉक्टरांकडे वळते. ते आमच्या घरचे डॉक्टर, सासऱ्यांचे मित्र. आम्ही सगळे त्यांना डॉक्टरमामा म्हणायचो. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत त्यांच्या घराच्या ओसरीवर दवाखाना. एक टेबल, एक खुर्ची, दोन बाकं, आणि दार नाही. मामांचा आवाज खणखणीत. कुणाची मूळव्याध, कुणाची चुकलेली पाळी, सगळं बाकांवरच्या मंडळींना ऐकू जायचं आणि संध्याकाळपर्यंत चर्चा पुरी व्हायची. माणूस मात्र सोन्यासारखा. माझ्या मुलाला गोवर झाला तेव्हा तीन दिवस सकाळ-संध्याकाळ सायकल मारत आले होते.

व्रताचे सात-आठ दिवस झाले असतील. माझ्या पायांना थोडी सूज दिसत होती म्हणून मी मामांकडे गेले. त्यांनी रक्तदाब पाहिला. "जरा वर आहे, सूनबाई. मीठ कमी करा."

"मामा, मी तर मीठ सोडलंय. नवस आहे."

मामा टेबलावर थाप मारून हसले. "शाबास! अर्धं काम देवानंच केलं. उरलेलं मी करतो." तेव्हा औषध कंपन्यांची पोरं रोज टाय लावून त्यांच्याकडे येत होती, टेबलावर नव्या नव्या गोळ्यांचे नमुने पडलेले. मामांनी मात्र आपली जुनी, लघवी वाढवणारी गोळीच लिहिली. लिहिता लिहिता विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे का?"

बाकावर नऊ माणसं होती. त्यात माझ्या नणंदेची सासू होती, पानाची चंची उघडून निवांत बसलेली.

"काही नाही," मी म्हटलं.

त्यानंतर दहा-बारा दिवसांत माझा हात कापायला लागला. बारीक कंप त्रिचीच्या गोळीनं पहिल्यापासून होताच, त्याची सवय झाली होती. हा निराळा. फळ्यावर वर्तुळ काढायला गेले तर बटाटा उमटला. मुली खाली माना घालून हसल्या, मी खडू फेकून मारला, तोही भलतीकडेच गेला. मग मळमळ सुरू झाली, मग जुलाब. दोन दिवसांत अशी झाले की न्हाणीघरापर्यंत जायला भिंत धरावी लागे. चैत्राचा उन्हाळा, सगळ्यांना वाटलं ऊन बाधलं.

मामा घरी आले. पोट तपासलं, जीभ पाहिली. "मीठ-साखरेचं पाणी द्या. घोट घोट, दिवसभर."

मी म्हटलं, "मीठ नको. नवस आहे."

"अहो सूनबाई, नवस गेला खड्ड्यात!"

"मामा, नको म्हटलं ना!" हे म्हणताना जीभ जड झाली होती आणि शब्द एकमेकांत गुंतत होते, तरी हट्ट बघा. शहाळ्याचं पाणी मात्र पिईन असं मी म्हटलं.

मामा खुर्चीवर बसून माझ्याकडे बघत राहिले. त्यांना ते बोलणं आवडलं नाही. जुलाबानं माणूस थकतं, पण त्याची जीभ अशी अडखळत नाही. त्यांनी मला हात पुढे धरायला लावले, नाकाला बोट लावायला सांगितलं. माझं बोट गालावर गेलं. पुढचं मला अर्धवटच आठवतं. जे सांगते ते नवऱ्यानं नंतर सांगितलेलं आहे.

नवरा दाराच्या मागे उभे होते. सदऱ्याच्या खिशात माझ्या गोळ्यांची पट्टी होती. दोन वर्षं जपलेलं गुपित, आणि मी त्यांच्याकडून शपथ घेतलेली. आमची मुलगी तेव्हा दहावीत होती, तिच्या लग्नाचा विचारही मनात असणारच. पण मी पलंगावरून त्यांच्याकडे पाहून भलतंच काही बोलले म्हणे, त्यांना माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारली. तेव्हा त्यांनी मामांचा दंड धरला, त्यांना परसात विहिरीपाशी नेलं आणि पट्टी हातावर ठेवली.

मामांनी चष्मा वर करून नाव वाचलं. मग विचारलं, "किती दिवस?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षं! आणि मी काय मेलो होतो?" असे ओरडले की शेजारची कावळ्यांना भात ठेवणारी बाई आत पळाली. पण ओरडणं तेवढंच. पुढच्या क्षणी ते कोपऱ्यावरच्या बूथकडे चालायला लागले होते, नवरा मागे धावत. त्रिचीचा नंबर नवऱ्याला पाठ होता. दोघं त्या काचेच्या खोक्यात अंगाला अंग लावून उभे राहिले.

माझा नवरा आजही सांगतात, मामा काय बोलतील याची त्यांना भीती वाटत होती. चाळीस वर्षांचा अनुभव, गावात मान, आणि समोर फोनवर कालची पोर. शिवाय मनाचे डॉक्टर म्हणजे साखळीनं बांधलेल्यांचे डॉक्टर, असं मामा आधी चारचौघांत बोललेही होते. मामांनी आपलं नाव सांगितलं, माझी अवस्था सांगितली, आपण दिलेली गोळी सांगितली, अळणी जेवणाचंही सांगितलं. मग मामा म्हणाले, "डॉक्टर, या औषधाबद्दल मला पुरेसं माहीत नाही. मला समजावून सांगा. मी लिहून घेतो."

आणि त्यांनी हातावर लिहून घेतलं, खिशात कागद नव्हता.

बाईंनी पुढे मलाही ते समजावलं. लिथियम म्हणजे मिठाचा चुलतभाऊ. शरीराला दोघांतला फरक नीट कळत नाही. पोटात मीठ कमी गेलं की मूत्रपिंड घाबरून जे सापडेल ते धरून ठेवतं, आणि मीठ समजून लिथियमच साठवतं. त्यात मामांची गोळी, तिनं उरलंसुरलं मीठही बाहेर काढलं. म्हणजे देवानं अर्धं काम केलं होतं आणि उरलेलं मामांनी, ते म्हणाले होते तसंच. मी रोज तीच गोळी तेवढीच घेत होते, पण अंगात ती विष होण्याइतकी साचत गेली. आणखी दोन दिवस गेले असते तर मी हे लिहायला नसते.

भाड्याची गाडी बोलावली. मामांनी घरातच सलाईन लावलं आणि त्रिचीपर्यंत मागच्या सीटवर माझं डोकं मांडीवर घेऊन, एका हातानं बाटली उंच धरून बसले. हात दुखला की बाटली दुसऱ्या हातात. पुढे नवरा आणि सासूबाई. वाटेत सासूबाईंनी विचारलं, "त्या बाटलीत काय आहे हो?"

मामा म्हणाले, "मिठाचं पाणी."

सासूबाईंनी थोडा विचार केला. "तोंडातून तर जात नाही ना? मग व्रत मोडलं नाही."

मामा इतके हसले की बाटली हलली. मला ते हसणं ऐकू आलं होतं, एवढं नक्की आठवतं.

इस्पितळात आठ दिवस काढले. हात स्थिर झाला, जीभ सुटी झाली, मूत्रपिंडं वाचली. सासूबाई मात्र पलंगाशेजारी बसून रडल्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी, आजाराचं नावही आणि गोळीचंही. मला वाटलं आता म्हणतील, वेडी सून केली. त्या म्हणाल्या, "माझ्या नवसानं तुला मारलं असतं. मला सांगितलं का नाहीस?" मंडलाचे उरलेले दिवस त्यांनी स्वतः अळणी जेवून पुरे केले. मामांनी त्यांचा रक्तदाब पाहिला आणि म्हणाले, "तुम्ही खुशाल सोडा, तुम्हाला गरजच आहे."

घरी आले तर मामांच्या ओसरीवर सुतार काम करत होता. आतली कोठीची खोली रिकामी करून तिला दार बसवत होता. चाळीस वर्षांत पहिलं दार! गल्लीत केवढी चर्चा. काहींना वाटलं मामांनी स्कॅनचं मशीन आणलं. मी विचारलं तेव्हा मामा आधी म्हणाले, "वारा फार येतो." मग म्हणाले, "त्या दिवशी नऊ माणसांसमोर तुम्हाला विचारलं मी. चूक माझी होती, सूनबाई." एवढ्या मोठ्या माणसानं असं म्हटलं की आपल्याला कुठे तोंड लपवावं कळत नाही. मी म्हटलं, "आणि खोटं मी बोलले." तेवढ्यात मामींनी कॉफी आणली.

पण खरी काळजी पुढे होती. लिथियमची गोळी बंद केली होती. मूत्रपिंडं पुरती सावरेपर्यंत ती परत सुरू करायची नाही, असं बाईंचं म्हणणं. चार-सहा आठवडे. तोवर एक साधी झोपेची हलकी गोळी, आणि देवाचं नाव. गोळीवाचून माझा तो गोड आजार परत येण्याचा धोका होता, आणि शाळा जूनमध्ये उघडणार होती. मला दर आठवड्याला त्रिचीला नेणं शक्य नव्हतं. तेव्हा दोघा डॉक्टरांनी फोनवर ठरवलं की रोजचा डोळा मामांनी ठेवायचा आणि निर्णय बाईंनी घ्यायचा. कशावर लक्ष ठेवायचं ते बाईंनी मामांना पत्रानं कळवलं, आणि मामा दर शुक्रवारी त्यांना निळ्या इनलँडवर लिहू लागले: रक्त, वजन, झोप, बोलणं.

आता मामांची पद्धत ऐका. पहिलं पत्र लिहून झाल्यावर त्यांनी ते बंद केलं नाही. माझ्यासमोर ठेवलं. "वाचा."

"मी कशाला वाचू? डॉक्टरांचं डॉक्टरांना आहे."

"तुमच्याबद्दल आहे ना? मग चूक असेल तर तुम्हालाच कळणार. तपासा. टीचर आहात."

मी आयुष्यात इतका अवघड पेपर तपासला नाही. आपल्याबद्दल दुसऱ्यानं लिहिलेलं वाचायचं! इंग्रजी त्यांचं बरं होतं, अक्षर कोंबडीचे पाय. वजन चुकलं होतं, ते मी सुधारलं. "चिडचिड जास्त" असं होतं, त्याच्यापुढे मी लिहिलं, "ही नेहमीचीच आहे." त्रिचीहून उत्तर आलं, तेही मामांनी मला वाचायला दिलं. बाईंनी शेवटी लिहिलं होतं, "टीचरांच्या शेऱ्याबद्दल आभार. फार उपयोगी." मला जे वाटलं ते सरळ सांगते. दोन वर्षं मी लपत होते आणि आता माझ्या आजाराबद्दल तीन माणसं बोलत होती, त्यातली एक मी होते. मला फार बरं वाटलं.

दुसरा शुक्रवार, तिसरा शुक्रवार. रक्त सुधारत होतं.

चौथ्या शुक्रवारी मी दवाखान्यात गेले ती हसतच. सकाळ इतकी सुंदर होती! कालव्याला पाणी आलं नव्हतं तरी मला ते दिसत होतं. मामींनी दारात काढलेल्या कोलमची, त्या रांगोळीची, रेघ न् रेघ आवडली. मामांना मी म्हटलं, "तुमच्या या खोलीला निळा रंग द्या, मी देते, आजच देते. आणि या गल्लीतल्या सगळ्या मुलांना मी सुट्टीत शिकवणार आहे. फुकट. सकाळी पाचला." मामांनी रक्तदाब पाहिला. मी आणखी एक विनोद सांगितला आणि स्वतःच हसले. मामा हसले नाहीत. ते पत्र लिहायला बसले.

"काय झालं? मला बरं वाटतंय ते बघवत नाही का तुम्हाला?"

ते लिहीत राहिले.

"मामा, हसायचंसुद्धा नाही का मी आता? हसले की आजारी, रडले की आजारी! मग बरी कधी म्हणायची?" माझा आवाज चढला होता. दार बंद होतं, पण तो आवाज त्या दाराला ऐकणारा नव्हता.

मामांनी पेन खाली ठेवलं. "हसा हो. तुमचं हसणं मला फार आवडतं, सूनबाई. पण तुम्ही लग्न होऊन आल्यापासून मी तुम्हाला ओळखतो. माझ्याशी तुम्ही एवढं गोड कधी बोलला नाहीत." आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

मी वाचला. "टीचर आज बऱ्याच वेळा हसल्या. नव्या योजना सांगत आहेत. माझा अंदाज आहे की दोन रात्री नीट झोप नाही. त्या हे नाकारतील. रक्त आता चांगलं आहे. गोळी आजच सुरू करावी का?"

असा संताप आला! कागद फाडावा, उठून जावं, वर्षभर या ओसरीवर पाय ठेवू नये. नवरा शेजारी बसले होते, त्यांनी जमिनीकडे पाहिलं. त्या सकाळी मी जेवढी सुखात होते तेवढी त्यानंतर कधी झाले नाही, हे मी आजही कबूल करते. आणि ते सुख मला हवं होतं. जूनमधला वर्ग हवा होता, आणि ते सुखही हवं होतं. दोन्ही मिळणार नव्हतं, एवढं गणित मला येत होतं.

मी मामांचं पेन घेतलं. "नाकारतील" हा शब्द खोडला. "दोन रात्री" होतं, तिथे दोनवर काट मारून पाच लिहिलं.

मग पत्र नवऱ्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "हे पोस्टात टाकू नका. अकराची बस मिळते का बघा, आपण घेऊनच जाऊ."